मालमोटारीच्या चालकाचें शिक्षण

शहरांतील घरोघरीं धान्य, भाजीपाला, औषधें, मुलांच्या वह्या-पुस्तकें हीं सारीं वेळच्या वेळीं येऊन पोंचतात. कोणीतरी रात्रभर जागून तीं आणलेलीं असतात. नाशिककडील कांदा मुंबईच्या बाजारांत पहांटे उतरतो, त्यापूर्वीं तो कसाऱ्याचा घाट अंधारांत उतरून आलेला असतो. तो आणणाऱ्या माणसाचें नांव कोणास ठाऊक नसतें. समाजाला त्याची आठवण होते ती बहुधा एकाच प्रसंगीं : घाटांत मालमोटार उलटल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते तेव्हां. मग घरांतील वडील माणूस चष्मा काढून म्हणतो, "हे चालक अगदीं बेफाम झाले आहेत." बेफामपणा असतोहि. परंतु त्या चालकास गाडी कोणीं शिकविली, किती दिवस शिकविली आणि नेमकें काय शिकविलें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

प्रश्न लहान नाहीं. २०२२ या एका सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्या सर्वांस मालमोटारीच कारण झाल्या असें नव्हे. तथापि जड वाहनाच्या हातून चूक घडली म्हणजे ती क्वचितच लहान राहते.

हा धंदा शिकण्याची जुनी वाट क्लीनरची. खेड्यांतील पोरगा घर सोडून एखाद्या उस्तादाच्या गाडीवर चढे. कांच पुसणें, हौद्यावर ताडपत्री ओढून दोर आवळणें, लोखंडी दांडक्यानें चाक वाजवून हवा ओळखणें, गाडी मागें घेतांना पाठीशीं उभें राहून "येऊं द्या, येऊं द्या" म्हणून हाक देणें, हा त्याचा श्रीगणेशा. दोन-तीन वर्षें अशीं गेल्यावर एखाद्या रात्रीं मोकळ्या रस्त्यावर उस्ताद बाजूस सरके आणि चाक त्याच्या हातीं देई. या शाळेंत पाटी-पुस्तक नव्हतें, पण शिक्षण होतें. एंजिनाचा आवाज बदलला कीं काय बिघडलें, भरलेली गाडी वळणावर कशी झुकते, हें तेथें कानांनीं आणि अंगानें कळे. दोष इतकाच कीं, उस्तादाचे गुण ज्या वाटेनें शिष्याकडे येत त्याच वाटेनें त्याचे दोषहि येत, आणि दोहोंतील भेद सांगणारें तेथें कोणी नसे.

यांतील सर्वांत घातक दोष घाटांत दिसून येतो. उतार लागला कीं गिअर काढून गाडी मोकळी सोडावयाची, म्हणजे डिझेल वांचतें, हा अनेक उस्तादांचा पिढीजात उपदेश. दोन आंसांच्या मालमोटारीचें भारासह वजन २०१८ सालच्या नियमाप्रमाणें १८.५ टनांपर्यंत असूं शकतें. एवढें वजन उतारावरून सुटलें म्हणजे त्यास आंवरण्याचें सारें काम एकट्या ब्रेकवर पडतें. ब्रेक घर्षणानें चालतो आणि घर्षणानें तापतो. फार तापला कीं त्याची पकड जाते. चालक पायानें सर्व बळ लावतो, पण चाक ऐकत नाहीं. तेव्हां खालचा गिअर टाकूं म्हटलें तर वेगांत तो पडत नाहीं. शिवाय वेग दुप्पट झाला कीं गाडींतील शक्ति चौपट होते, हा निसर्गाचा हिशेब कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून उताराचा निर्णय उतार लागण्यापूर्वींच घ्यावयाचा असतो. घाटाच्या माथ्यावर थांबावें, ब्रेक पाहावेत, खालचा गिअर टाकावा आणि एंजिनासच गाडी रोखून धरावयास लावावें. आणि ज्या बचतीसाठीं हा जुगार खेळावयाचा ती तरी खरी कोठें आहे? आजच्या एंजिनांत गाडी गिअरांत ठेवून उतारावरून जात असतां, वेगवर्धकावर पाय नसल्यास, डिझेल जळतच नाहीं. उलट गिअर काढल्यास एंजिन चालू ठेवण्यापुरतें तें जळत राहतें.

कायद्यानेंहि शिक्षणाची एक वाट आंखून दिली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें व्यावसायिक वाहन चालविण्यास वयाचीं २० वर्षें पुरीं लागतात, आणि जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वीं हलक्या मोटारीचा परवाना निदान एक वर्ष हातीं असावा लागतो. इयत्ता आठवीची अट २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली. गरीब घरच्या तरुणांस त्यामुळें दार उघडलें हें योग्यच झालें, परंतु शाळेनें जें दिलें नाहीं तें देण्याचा भार आतां शिक्षणकेंद्रावर आला. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक-प्रशिक्षण केंद्रांचे नियम अमलांत आले. त्यांत जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. अशा केंद्रांत गाडीचा आभास निर्माण करणारें यंत्र आणि स्वतंत्र सरावमार्ग असावा लागतो, आणि तेथून उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास परिवहन कार्यालयांतील चालन-परीक्षेंतून सूट मिळते. कार्यालयाची परीक्षा गेली म्हणजे केंद्राच्या प्रामाणिकपणाचीच परीक्षा उरते. तेथें ३८ तास कागदावर भरले गेले तर त्याची किंमत तिसऱ्याच कोणास रस्त्यावर मोजावी लागेल.

या तासांत शिकविण्यासारखें पुष्कळ आहे. निघण्यापूर्वीं गाडीभोंवतीं एक फेरी घालून चाकें, पाटे, दिवे आणि भाराची बांधणी पाहणें. हवेच्या ब्रेकचा दाब पुरा भरल्याविना गाडी न हलविणें. वळतांना मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या आंतून जातात, म्हणून कोपऱ्यावरील सायकलस्वारास जागा ठेवणें. उंच आसनावरून गाडीच्या अगदीं नाकासमोरचें आणि डाव्या कुशीजवळचें माणूस दिसत नाहीं, हें मनांत धरून चालणें. बारकाईनें पाहिलें तर यांतील बहुतेक पाठ गाडी हांकण्याचे नाहींत, आंवरण्याचे आहेत. चालविणें हातापायांस चार दिवसांत येतें. केव्हां थांबावें हें मात्र बुद्धीला शिकावें लागतें.

थांबण्याचा सर्वांत कठीण प्रसंग झोंपेचा. डोळ्यांवर झापड आली असतां चहा आणि तंबाखू हीं औषधें नव्हेत. गाडी कडेस लावून निजणें हें एकच औषध. पण येथें एकट्या चालकास उपदेश करून भागत नाहीं. १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्यानें दिवसास ८ तास आणि सलग पांच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांति असा दंडक घातला. परंतु तो पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांपुरता होता, आणि एक-दोन गाड्यांचे मालक त्याच्या कक्षेबाहेर राहिले. माल अमुक वेळेस पोंचला नाहीं तर भाडें कापूं, असें मालकानें बजावलें म्हणजे सहा आठवड्यांचें शिक्षण एका रात्रींत पुसलें जातें. २०२५ सालीं नव्यानें बनणाऱ्या मालमोटारींच्या चालककक्षांत वातानुकूलन सक्तीचें झालें, हें पाऊल स्वागतार्ह आहे. उन्हानें शिणलेला माणूस लवकर चुकतो. मात्र गारव्यानें झोंप टळत नाहीं, ती पुरीच करावी लागते.

वैद्य किंवा स्थापत्यविशारद घडविण्यासाठीं समाज वर्षेंच्या वर्षें खर्च करतो, कारण त्यांच्या चुकीनें जीव जातात हें त्यास पटलेलें असतें. मालमोटारीच्या चालकाच्या हातींहि तितकेच जीव असतात. तरी त्याचें शिक्षण आजवर रस्त्यावर आणि नशिबावर सोपविलेलें होतें. हा धंदा सन्मानाचा व्हावा, त्यांत शहाण्या घरचे तरुण यावेत असें वाटत असेल, तर त्यास रीतसर गुरु, पुरेसा सराव आणि पुरी झोंप मिळालीच पाहिजे. माल चार तास उशिरा आला तर घरची चूल कांहीं विझत नाहीं. घाटाच्या माथ्यावर थांबून ब्रेक पाहणारा चालक मात्र स्वतःचीच नव्हे, तर खालच्या वळणावरून चढत येणाऱ्या अनेक अनोळखी घरांची चूल राखीत असतो.