परकी भांडारे आणि आपली यादी



लिनक्स वापरणाऱ्यास नवी आज्ञावली हवी झाली, तर ती बहुधा त्याच्या प्रणालीच्या भांडारातून, 'पॅकेज' म्हणून बांधलेली, येते. 1993 साली आरंभलेल्या डेबियनचे भांडार प्रचंड. तथापि परवाने आणि पेटंट यांच्या अडचणींमुळे ध्वनी-चित्रफितींची काही साधने त्यात नसत. ती उणीव 'डेबियन मल्टिमीडिया' या बाहेरच्या भांडाराने भरून काढली, आणि असंख्य लोकांनी त्याचा पत्ता आपल्या यादीत आनंदाने लिहून ठेवला.

कलहाचे मूळ येथेच होते. त्या भांडारात केवळ नव्या वस्तू नव्हत्या. डेबियनपाशी असलेल्या पॅकेजांच्या निराळ्या आवृत्त्याही होत्या. दोहोंतून निवड करणारा 'ॲप्ट' हा कारभारी वस्तू कोणी घडविली हे पाहत नाही. एरवी प्रत्येक भांडारास तो सारखेच, म्हणजे 500 गुण देतो. गुण समान झाले की आवृत्तीचा क्रमांक मोठा ज्याचा, त्याची सरशी. या क्रमांकाच्या आधी 'ईपॉक' नावाचा आणखी एक अंक लावता येतो. तो मोठा असला की पुढील आकडे पाहिलेच जात नाहीत! अशा रीतीने घरची वस्तू निमूटपणे बदलली जाते, तिच्यावर विसंबणारी दुसरी घरचीच राहते, आणि पुढच्या श्रेणीवाढीच्या वेळी सारे अडून बसते.

यावर उपाय आहे. पसंतीक्रमाच्या फाइलीत परक्या भांडारास 100 गुण द्यावेत. म्हणजे जे घरी मिळत नाही तेवढेच तेथून येते. मात्र आधीच शिरलेली परकी आवृत्ती याने हटत नाही. मागची आवृत्ती परत आणण्यास ॲप्टला 1000 हून अधिक गुण दाखवावे लागतात. कोणते पॅकेज कोठून येणार, हे 'ॲप्ट पॉलिसी' ही आज्ञा सांगते. ती विचारण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

परंतु गुणांनी न सुटणारी एक गोष्ट राहते. पुढे त्या भांडाराने आपले नाव आणि पत्ता बदलला. जुन्या पत्त्याची नोंदणी संपली व तो कोणा अनोळखी व्यक्तीकडे गेला. जून 2013 मध्ये डेबियनला जाहीरपणे सांगावे लागले, की तो पत्ता यादीतून काढून टाका. पॅकेज बसविताना त्यातील आज्ञा संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याच्या हक्काने चालतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या सूचनेचे गांभीर्य कळते. नव्या धन्यापाशी स्वाक्षरीची जुनी किल्ली नसल्याने ॲप्ट इशारा देई खरा. पण इशाऱ्यावर 'होय' म्हणण्याची सवय आपणा सर्वांनाच आहे. ती ओळ कित्येकांनी वर्षांपूर्वी एका चित्रपटासाठी लिहिली होती, आणि ती तेथे आहे हेही ते विसरले होते.