सांगितलेच नाही, तर कळणार कसे?

श्रोतेहो, अमेरिकेत रुग्णाला आपले दवाखान्यातले कागद घरबसल्या मोबाईलवर पाहता येतात. रक्त तपासले की अहवाल तिथे. डॉक्टरांना काही विचारायचे, तर तेही तिथेच लिहायचे. यालाच तिकडे ‘पेशंट पोर्टल’ म्हणतात. २००९ च्या कायद्याने सरकारने त्यासाठी पैसा ओतला.

पण कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांत ही सोय गोऱ्यांपेक्षा कमी वापरली जाते. आपण चटकन म्हणाल, इंटरनेट नसेल, इंग्रजी येत नसेल. थोडे खरे आहे. शिवाय टस्कीगीला १९३२ ते १९७२ शेकडो कृष्णवर्णीय रोग्यांना उपदंशावर उपचार न देता नुसते न्याहाळत ठेवले होते. असा अनुभव गाठीशी असल्यावर विश्वास बसायचा कसा?

तरी २०१९-२० च्या राष्ट्रीय पाहणीतून निराळेच दिसले. ही सोय घ्या, असे या लोकांना दवाखान्यातून सांगितलेच कमी वेळा गेले होते. शिक्षक बंधूंनो, मागच्या बाकावरच्या पोराला आपण प्रश्नच विचारत नाही, आणि वर म्हणतो, याला काही येत नाही! तसलाच हा प्रकार. कारण ज्यांना सांगितले गेले, त्यांनी आपले कागद गोऱ्यांच्या बरोबरीने उघडून पाहिले होते.