कंबरदुखी आणि आपले हात



जुनाट कंबरदुखीवरच्या मॅन्युअल थेरपीची आपली फिजिओथेरपिस्टांची परिषद कोल्हापुरात भरते आहे, याचा मला फार आनंद आहे. अंगाला हात कसा लावावा, हे इथे पुस्तकांच्या आधी तालमींनी शिकवलं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत मेहनत झाली की पठ्ठे एकमेकांचं अंग रगडतात. जाणत्या वस्तादाचा अंगठा कण्याच्या कडेने खाली उतरतो आणि नेमक्या आवळलेल्या जागी थांबतो. उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीला लाथ मारून घेणारीही माणसं आपल्या भागात आहेत. तो उपाय मी कुणाला सांगणार नाही. पण आपल्या दारात येणारा रुग्ण बहुधा हे सगळं करून आलेला असतो.

तो येतो, एमआरआयचं पाकीट पुढे करतो आणि म्हणतो, "गादी सरकलीय, तेवढी बसवून द्या." इथे आपला कस लागतो, कारण आपण काहीही बसवत नाही. दाब देताना 'कट्' आवाज येतो, तो मणका जागेवर गेल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना तो होतो. २०१५ मध्ये बोटांचे सांधे एमआरआयखाली ओढून संशोधकांनी हे प्रत्यक्ष पाहिलं. त्याच वर्षीच्या एका मोठ्या आढाव्यात, कसलंही दुखणं नसलेल्या विशीतल्या माणसांपैकीही ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के होतं. रिपोर्टमधला शब्द वाचून रुग्णाला घाबरवणं आता तरी थांबवू या.

मग हात काय करतात? वेदनेचा जोर काही काळ उतरवतात, स्नायूंचा ताठा सैल करतात, आणि हालचालीची भीती थोडी कमी करतात. गेल्या हंगामात बीडकडच्या एक ऊसतोड करणाऱ्या ताई आल्या. दुखणं कित्येक महिन्यांचं. वाकताना हात गुडघ्याच्या वरच थबकत. पालथं झोपवून, कमरेच्या मणक्यावर तळहाताची कड टेकवून मी मेटलंड पद्धतीतल्या दुसऱ्या श्रेणीचे संथ, लांब झोके देत राहिले. हळूहळू त्यांचा रोखलेला श्वास मोकळा झाला. उठून वाकल्या तेव्हा बोटं नडगीपर्यंत पोचली. "हलकं झालं की वो!" म्हणाल्या. त्यांना तिथेच निरोप देता आला असता. पण लगेच, त्या हलकेपणातच, त्यांना पुन्हा पुन्हा वाकायला लावलं. मग रिकामी पिशवी उचलायला, मग वाळू भरलेली. "वाकू नको" हेच त्यांनी तोवर सगळ्यांकडून ऐकलं होतं, आणि वाकल्याशिवाय ऊस तुटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: हाताने मिळवलेली ती घटकाभराची सवड रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीत खर्ची पडली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मॅनिप्युलेशन, म्हणजे हाताने मणक्यावर करायचे उपचार, आणि मसाज आहेत, पण व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांच्या जोडीने. गल्लोगल्ली लागणारे वजन आणि पट्टे, म्हणजे ट्रॅक्शन आणि बेल्ट, यांची शिफारस त्यांनी केलेली नाही. हे आपल्यातल्या अनेकांना रुचणार नाही, तरी परिषदेत यावर मोकळेपणाने बोलायला हवं. २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ४७ चाचण्यांचा आढावा आला. त्यात मॅनिप्युलेशन इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड ठरलं, वरचढ नव्हे. तोडीस तोड असणं मला पुरेसं वाटतं. वर्षानुवर्षं "दर आठवड्याला या" म्हणत रुग्णाला टेबलाशी बांधून ठेवणं मात्र मला सहन होत नाही.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगते. हात ठेवण्याआधी विचारा: ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का? आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून भेटतो. बसायच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर टेबलाकडे नको, तडक हॉस्पिटलात पाठवा.

परिषदेचं बीजभाषण आता लगेच होईल. उद्या पहाटे साडेपाचला सभागृहासमोरून बस सुटेल आणि उसाच्या फडावर जाईल. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढताना कमरेवर काय येतं, ते तिथे पाहू आणि दुपारच्या सत्रात त्यावर बोलू. नावं आजच नोंदणीच्या टेबलावर द्या. पायात बूट घालून या, फडात उसाची खोडकी टोचतात.