‘काही नाही, घरचंच हाय’

(संक्रांतीआधी झालेल्या ग्रामसंघाच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताई जे बोलल्या, ते ज्या गटांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजच्या सभेत थकीत कर्ज आणि बँकेची फाईल हे दोन विषय आहेत, ते अध्यक्ष ताई घेणारच आहेत. त्याआधी मला थोडा वेळ द्या. माझा प्रश्न साधा आहे. आपण घरी केलेली वस्तू कुणाला भेट दिली, तर ती समोरच्याला खरंच आवडते का? की तोंडावर गोड बोलून लोक मागून नावं ठेवतात?

हा प्रश्न मला कुठून पडला ते सांगते. मागच्या महिन्यात मी एका गटाच्या बैठकीला बसले होते. एका ताईनं अंतर्गत कर्ज मागितलं, ३,००० रुपये. कारण विचारलं तर म्हणाल्या, "नणंदेच्या पोरीचं लगीन हाय, आहेराच्या साड्या घ्यायच्यात." त्या गटाचा व्याजदर महिन्याला शेकडा २ रुपये आहे. दहा हप्ते धरले तर दर महिन्याला ३०० रुपये मुद्दल. वर उरलेल्या रकमेचं व्याज पहिल्या महिन्यात ६०, दुसऱ्यात ५४, असं उतरत जाऊन एकूण ३३० रुपये. कर्ज नियमात बसत होतं, मंजूर झालं. मी काही बोलले नाही. पण उठता उठता त्याच ताई म्हणाल्या, "कोन नेसतंय मॅडम असल्या साड्या? त्या बी फुडं दुसऱ्याच्या लग्नात देतील." सगळ्या हसल्या. मी पण हसले.

आहेराची साडी कशी फिरते हे मी तुम्हाला काय सांगणार! कपाटात वेगळा गठ्ठा असतो. कुणाकडून आली ते चिठ्ठीवर लिहून ठेवावं लागतं, नाहीतर त्याच घरी परत जायची. आपल्यातल्याच एका मावशींकडं त्यांनी स्वतः दिलेली साडी चार वर्षांनी तीन गावं फिरून परत आली. त्यांनी ती पदराच्या डागावरून ओळखली.

आता त्या कर्जवाल्या ताईंचं दुसरं कौशल्य मला माहीत होतं. त्यांच्या हातची गोधडी मी बघितलीय. धावदोरा असा एकसारखा, की मशीनवर घातला की काय असं वाटावं. मी म्हणाले, "ताई, नवरीला एक गोधडी द्या की." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना रिकाम्या हातानं लग्नाला जायला सांगतेय. "लोक म्हनतील, घरातलंच उचलून आनलं."

मला वाटतं आपली खरी अडचण या ‘घरातलंच’मधल्या ‘च’ मध्ये आहे. शेवया दिल्या, लोणचं दिलं, दुपटं दिलं, तरी देताना आपण काय म्हणतो? "काही नाही, घरचंच हाय." देणारीच जर काही नाही म्हणत असेल, तर घेणारीनं त्याला काहीतरी का समजावं? दुकानातून आणलेला वीस रुपयांचा प्लॅस्टिकचा डबा देताना मात्र आपण असं कधीच म्हणत नाही.

पण थांबा. घरी केलेलं सगळंच लोकांना आवडतं, असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. माझंच उदाहरण देते.

कॉलेजात असताना माझ्या जिवलग मैत्रिणीचं लग्न ठरलं. माझ्याकडं पैसे नव्हते, हौस होती. मोबाईलवर बघून मी काचेच्या बाटलीला रंगीत लोकर गुंडाळली, वर मणी चिकटवले, चार रात्री जागले. लग्नात मोठ्या प्रेमानं दिली. सहा महिन्यांनी तिच्या सासरी गेले तर बाटली कपाटाच्या अगदी वर, धुळीत. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हणाले, लोकांना हाताच्या कामाची किंमत नाही.

पुढं तिला मुलगी झाली. माझ्या आईनं डिंकाचे लाडू केले आणि आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलं. मला ते न्यायचीही लाज वाटत होती, मी सोबत दुकानातला एक फ्रॉक घेतला. आठ दिवसांत मैत्रिणीचा फोन. "काकूला विचार ना, अजून एक दुपटं शिवून देतील का? हिला दुसरं कशातच झोप येईना." फ्रॉकाबद्दल ती काही बोलली नाही. बाटलीबद्दल तर आजपर्यंत नाही.

त्या दिवशी मला कळलं की बाटली मी माझ्या हौशीसाठी केली होती. त्या घरात ती कुठं ठेवायची, तिला काय उपयोग, हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. आईनं मात्र बाळंतिणीची कंबर आणि बाळाची मऊ कातडी डोळ्यासमोर ठेवली होती. दोन्ही घरचंच होतं.

समाजकार्य शिकले म्हणून एक अभ्यासाची गोष्टही सांगते. २०१५ साली परदेशातल्या तीन अभ्यासकांनी हातानं केलेल्या वस्तूंवर एक लेख लिहिला. त्यांना असं दिसलं, की हातच्या वस्तूत लोकांना करणाऱ्याचं प्रेम दिसतं, आणि जवळच्या माणसाला भेट घ्यायची असेल तेव्हा ते अशी वस्तू जास्त पसंत करतात. ओळखीपाळखीच्या माणसासाठी तेवढी नाही. आपली पद्धत वेगळी काय होती? बाळंतविडा, रुखवतातल्या वस्तू, लेकीसाठीच्या कुरडया-पापड्या, सगळं जवळच्यांसाठीच होतं. तेव्हा लग्नात दोनशे घरांना गोधड्या शिवायला मी सांगत नाहीय. एक गोधडी म्हणजे किती दुपारी जातात हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्या माणसासाठी जीव तुटतो, त्याच्यासाठीच ती शिवावी. बाकीच्यांना टॉवेल-टोपी नको, साडी नको, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं तर ते त्याहून बरं. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आता एक अवघड गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलायलाच पाहिजे, कारण यंदा धोंड्याचा महिना आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. मागचा अधिक महिना २०२३ मध्ये श्रावणात आला होता. तेव्हा एक मावशी लेकीच्या सासरी ३३ अनारसे घेऊन गेल्या. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गुळात मुरवून, जाळी पडलेले अनारसे. सोबत स्वतः शिवलेली गोधडी. विहीणबाईंनी डबा उघडलाही नाही. "चांदीचं काय आनलं?" एवढंच विचारलं. लेक आत भिंतीकडं तोंड करून उभी होती, असं मावशी सांगत होत्या. परत आल्यावर त्यांनी उसने पैसे काढून चांदीची वस्तू धाडली. त्यानंतर त्यांनी अनारसे केले नाहीत.

मावशींना वाटलं, आपले अनारसे कमी पडले. मावशी, तुमचे अनारसे कमी पडले नाहीत. तिथं भेट कुणी मागितलीच नव्हती, तिथं वसुली चालली होती. जिथं वसुली असते तिथं घरचं काय नि दुकानचं काय, काहीच पुरत नाही. आज चांदी दिली, उद्या गाडी मागतील. लग्नाच्या निमित्तानं अशी मागणी करणं हुंडा प्रतिबंधक कायद्यानं १९६१ पासून गुन्हा आहे. मला एवढंच म्हणायचंय, की अशा घरात मिळालेल्या उत्तरावरून आपल्या हाताची किंमत ठरवू नका. आणि येत्या मे महिन्यात कुणावर अशी वेळ आली, तर उसने काढायच्या आधी गटात बोला. एकटीनं ओझं उचलू नका.

हे झालं जड. आता हळदीकडं येऊ.

आपला जिल्हा हळदीचा. हिंगोलीला, वसमतला बाजारात हळदीचे ढीग लागतात, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. जूनमध्ये लावलेली हळद नवीन साल लागल्यावर काढणीला येते. कंद वेचणं, माती झाडणं, शिजवलेली हळद उन्हात पसरणं, सांजेला गोळा करणं, यात बाईचे हात किती असतात ते मोजायला नको. आणि अशा जिल्ह्यात हळदी-कुंकवाला आपण वाण काय लुटतो? प्लॅस्टिकची वाटी, प्लॅस्टिकची गाळणी! मागच्या साली मला एकूण नऊ वाट्या मिळाल्या. पाच तर एकाच रंगाच्या. आपलेच गट प्रदर्शनात शहरातल्या बायकांना हळद पावडर विकतात, त्या आवडीनं नेतात, पुढच्या वेळी विचारत येतात. आणि आपण एकमेकींना वाट्या देतो.

संक्रांतीचं सुगड आठवा. ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळ. त्यातलं दुकानातलं काय होतं? वाण मुळात रानातलंच होतं.

म्हणून माझी सूचना अशी, की यंदा ग्रामसंघाच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणून आपली हळद द्यावी. आपण ६० जणी आहोत. प्रत्येकीला १०० ग्रॅम म्हणजे ६ किलो. नवी हळद तोवर तयार होणार नाही, पण मागच्या सालची हळकुंडं बऱ्याच घरांत आहेत. २४ जणींनी पाव-पाव किलो आणली की झालं. किडलेली नकोत, आणण्याआधी दोन दिवस कडक उन्हात घाला. बाजारातल्या सुट्या पावडरीत रंग मिसळलेला असायची भीती असते, इथं ती नाही, कारण आपल्यासमोर दळली जाईल. छोट्या पिशव्या शिवायला मशीनवाल्या चौघीजणी तयार आहेत, मी कालच विचारलंय. पिशवीवर चिठ्ठी लावू: कुणाच्या रानातली, कोणत्या सालची, कुणी शिवली. आणि देताना ‘काही नाही’ म्हणायचं नाही. जी म्हणेल तिला दंड, दहा रुपये, बचतीत जमा.

त्या गोधडीवाल्या ताई आज मागं बसल्यात, नाव घेत नाही. लग्न अजून दोन महिने लांब आहे. काल त्यांनी मला हळूच विचारलं, "नवरीला कोनता रंग आवडतो ते कसं इचारावं?" मी म्हणाले, फोन लावा.

हळकुंडं सोमवारपर्यंत लिपिका ताईंकडं द्या. पिशव्यांना नाडी लागणार आहे, जुन्या परकराची चालेल, पण धुऊन आणा.