मुख्य औषधाच्या आधी ‘आडवं पडा’ का सांगतात?



आमच्या बचत गटातल्या एका काकूंची अंडाशयाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू आहे. मुख्य औषधानं मूत्रपिंडांना इजा होऊ नये म्हणून त्यांना आधी अमिफोस्टिन हे संरक्षक औषध सलाइनमधून द्यायचं होतं. “बीपीची गोळी घेतली का?” असं नर्सताईंनी विचारलं. काकू नाही म्हणाल्या. खरं तर घेतली होती! सूनबाईंनी लगेच सांगितलं आणि त्या दिवशी ते औषध थांबवलं. काकू घरी येऊन कुरकुरल्या, “एका गोळीचा केवढा बाऊ!” मग आम्ही माहिती काढली.

हे औषध मुळात अमेरिकेच्या लष्करी संशोधनातलं. अणुस्फोटाच्या किरणांपासून सैनिकांना वाचवण्यासाठी त्यांनी हजारो रसायनं तपासली, त्यातलं हे एक. पण वाचवणारं औषधही अपाय करू शकतं.

म्हणून नवीन औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवर तपासतात. हृदय, फुप्फुसं आणि मेंदू यांची तपासणी त्यात आवर्जून होते, कारण हे बिघडले तर काही मिनिटांत जीव जातो. कुत्र्याच्या कातडीखाली छोटं यंत्र बसवून रक्तदाब, ठोके आणि ईसीजी बघतात. उंदराला बंद पेटीत ठेवून तो मिनिटाला किती आणि किती खोल श्वास घेतो, ते मोजतात.

अमिफोस्टिनचा मोठा दोष म्हणजे रक्तदाब एकदम उतरतो. म्हणूनच पेशंटला आडवं झोपवतात, पंधरा मिनिटांच्या सलाइनमध्ये दर पाच मिनिटांनी बीपी बघतात. बीपीची गोळी २४ तास आधी थांबवायची असते, तीही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. आपल्या मनानं नाही.

“मुक्या जिवांचे हाल कशाला?” असं बैठकीत एकीनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा १९६० चा कायदा आहे, समितीच्या परवानगीशिवाय प्रयोग करता येत नाहीत. २०२३ पासून नियमांत मानवी पेशींवरच्या चाचण्यांनाही जागा मिळाली आहे. हाल कमी व्हावेत, असं आम्हालाही वाटतं.

पण जे त्या जिवांनी सोसून आपल्याला कळलं, ते आपणच लपवाछपवी करून वाया घालवायचं का? दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्या, अगदी काढ्याची बाटलीसुद्धा, एका पिशवीत घ्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. काकू आता तशीच पिशवी नेतात.