आसन मतदारांचे आहे



आज मी आपणांपुढे अमेरिकेतील एका प्रांतिक आमदाराची कारकीर्द ठेवणार आहे. त्यांचे नाव ज्युलियन बाँड. ते अमेरिकेच्या मध्यवर्ती संसदेत कधी पोहोचले नाहीत. तरीही लोकप्रतिनिधीचे आसन खरोखर कोणाच्या मालकीचे असते, हे समजून घेण्यास त्यांच्या चरित्रासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

बाँड यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मले. वडील विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. विद्येच्या बळावर दोन पिढ्यांत झालेल्या या स्थित्यंतराचे मोल आपल्या घरांना निराळे सांगावयास नको. ज्युलियन यांचा जन्म १९४० चा. जॉर्जिया प्रांतातील अटलांटा शहरी शिकत असतानाच ते वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात उतरले आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी संघटनेच्या प्रसिद्धीचे काम पाहू लागले.

त्या काळी जॉर्जियाच्या विधानसभेत ग्रामीण भागातील गोऱ्यांचे वर्चस्व होते. विरळ वस्तीच्या भागातील एका मताचे वजन शहरातील मताच्या कितीतरी पट भरत असे. एक व्यक्ती, एक मत आणि प्रत्येक मताचे समान मूल्य हे तत्त्व परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत उच्चारले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रांतिक विधिमंडळांना समान मतमूल्याचे बंधन घातले ते १९६४ मध्ये. त्यानंतर मतदारसंघांची फेररचना झाली आणि १९६५ साली अटलांटातील एका मतदारसंघातून बाँड मोठ्या बहुमताने निवडून आले.

परंतु त्यांना आसन मिळाले नाही. ३ जानेवारी १९६६ रोजी अलाबामा प्रांतात सॅमी यंग या कृष्णवर्णीय तरुणाची गोळी घालून हत्या झाली. गोऱ्यांसाठी राखलेले शौचालय वापरण्याचा त्याने आग्रह धरला, एवढाच त्याचा अपराध. हा तरुण देशाच्या नौदलात सेवा करून आलेला होता. तीन दिवसांनी बाँड यांच्या संघटनेने व्हिएतनाममधील युद्धाचा निषेध करणारे पत्रक काढले. परदेशातील लोकांच्या स्वातंत्र्यासाठी आपण लढतो असे सांगणारे सरकार आपल्याच नागरिकांचे रक्षण करीत नाही, असा त्याचा आशय होता. बाँड यांनी त्या पत्रकास उघड संमती दिली.

१० जानेवारीस ते शपथ घेण्यास गेले. घटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेण्यास आपण तयार आहोत, असे त्यांनी सांगितले. सभागृहाने मात्र, असली मते बाळगणारा मनुष्य ही शपथ प्रामाणिकपणे घेऊच शकत नाही, असे ठरविले आणि १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना बाहेर ठेवले. याच जॉर्जियाच्या विधिमंडळाने १८६८ सालीही निवडून आलेल्या कृष्णवर्णीय सभासदांना बाहेर काढले होते. त्या वेळी हेन्री मॅकनील टर्नर यांनी सभागृहातच त्याचा निर्भय निषेध केला होता. जवळजवळ शंभर वर्षांनी निमित्त तेवढे बदलले होते.

येथे मतदारांची भूमिका पाहा. बाँड यांच्याबरोबर त्यांच्या मतदारसंघातील दोन मतदारही न्यायालयात गेले, आणि त्यांपैकी एक होते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग. आपल्या प्रतिनिधीचे आसन हिरावले गेले म्हणजे आपलेच मत हिरावले गेले, ही त्यांची तक्रार होती. खालच्या न्यायालयात ते हरले. सरकारने रिकाम्या जागेची पोटनिवडणूक घेतली. मतदारांनी पुन्हा बाँड यांनाच निवडले. विधानसभेच्या समितीने त्यांना बोलावून शब्द मागे घेण्याची संधी दिली. त्यांनी ते मागे घेतले नाहीत आणि आसन पुन्हा नाकारले गेले. नोव्हेंबर १९६६ मध्ये मतदारांनी त्यांना तिसऱ्यांदा निवडून दिले.

५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाँड यांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी तो लिहिला. आमदाराचे भाषणस्वातंत्र्य सामान्य नागरिकाहून तसूभरही कमी नाही. उलट वादाच्या प्रश्नांवर आपले मत उघड मांडणे हे त्याचे कर्तव्यच आहे, कारण त्याशिवाय मतदारांना त्याची पारख कशी होणार? असा त्याचा मथितार्थ. जानेवारी १९६७ मध्ये बाँड आपल्या आसनावर बसले.

पुढे वीस वर्षे, १९७५ पर्यंत खालच्या सभागृहात व नंतर वरच्या सभागृहात, ते आमदार राहिले. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. परंतु त्या पदास वयाची ३५ वर्षे लागतात आणि ते होते २८ वर्षांचे, म्हणून त्यांनी नाव मागे घेतले. कृष्णवर्णीय बहुसंख्येचा संसदीय मतदारसंघ निर्माण व्हावा म्हणून ते विधिमंडळात झगडले. मतदारसंघ निर्माण झाला, आणि १९८६ साली तेथेच पक्षांतर्गत निवडणुकीत ते जुने सहकारी जॉन लुईस यांच्याकडून पराभूत झाले. तरीही त्यांनी हक्कांचे काम सोडले नाही. १९९८ ते २०१० या काळात ते कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या राष्ट्रीय हक्कसंघटनेचे अध्यक्ष होते. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

बंधुभगिनींनो, सद्सद्विवेकाला स्मरून उचललेल्या पावलाची किंमत मोजावी लागते, हे आपणही जाणतो. १९५६ साली आपल्या समाजाने धम्मदीक्षा घेतली. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना लागू होण्यास मात्र १९९० उजाडले. त्या चौतीस वर्षांत सवलतीसाठी धम्म लपवावा असा मोह कित्येकांपुढे उभा राहिला असेल. ज्यांनी तो लपविला नाही, त्यांच्या निष्ठेमुळेच ही मागणी जिवंत राहिली.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. घरातील प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाचे नाव मतदारयादीत आहे की नाही, हे स्वतः पाहा. निवडून दिलेल्या प्रतिनिधीने आपल्या प्रश्नावर सभागृहात काय म्हटले, याचा जाब विचारा. आणि आपली बाजू मांडली म्हणून त्याच्यावर आघात झाला, तर अटलांटाच्या मतदारांप्रमाणे पुन्हा पुन्हा त्याच्या पाठीशी उभे राहा. ते आसन आपले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!