रुईचा उतारा आणि शेकडेवारी



शहरातली मुलं वर्गात रमत नाहीत, ही तक्रार हल्ली प्रत्येक पालकसभेत ऐकू येते. मोबाइलला दोष दिला की चर्चा संपते. मला वाटतं, दुखणं वेगळं आहे. पुस्तकातलं जग आणि मुलाचं गाव यांची आपण गाठच घालून देत नाही.

शेकडेवारीचा धडा घ्या. फळ्यावर तोच दुकानदार, तीच पेनं, तोच नफा-तोटा. इकडे आपल्या सावनेरात कापसाचा बाजार भरतो. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. रुईच्या या टक्केवारीलाच उतारा म्हणतात. रुईची गाठ १७० किलोची. मग एका गाठीला कापूस किती? पाच क्विंटल. उतारा ३६ टक्क्यांवर गेला तर? सुमारे पावणेपाच क्विंटलांत गाठ बांधली जाते. आता कास्तकाराचं पोर विचारेल, "सर, मग आमच्या कापसाचा भाव उताऱ्यावर का नाही ठरवत?" या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नाही. ते शोधायला गुरुजींनाही मुलांसोबत बाजारात जावं लागेल, आणि जावंच.

शिक्षण मुलाच्या जगण्याशी जोडण्याचा हा विचार आपल्या शेजारचाच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम उभी राहिली. पुढे १९८५ मध्ये लीलाताई पाटलांनी कोल्हापूरसारख्या शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांच्या अनुभवाला वर्गात मानाची जागा दिली.

नई तालीमवर तेव्हाच एक आक्षेप आला होता: हाताच्या कामात गुंतवून तुम्ही मुलाला धंद्याला जुंपता. तो आजही गंभीरपणे घ्यायला हवा. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणीत ज्याचे वडील शिफ्टला जातात, त्या मुलाला फक्त कोळसाच शिकवायचा का? मुळीच नाही. कोळशावरून खापरखेड्याच्या १३४० मेगावॉट औष्णिक वीजकेंद्रापर्यंत, तिथून उष्णतेच्या नियमांपर्यंत आणि राखेनं होणाऱ्या प्रदूषणापर्यंत त्याला नेता आलं पाहिजे. सुरुवात ओळखीच्या गोष्टीपासून असावी, मुक्काम तिथे नसावा.

भाषेच्या तासालाही हेच करता येईल. नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी याच सावनेरात गेले. वय अवघं ३३. त्यांचं 'एकच प्याला' हे नाटक रंगभूमीवर आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. त्या नाटकातली दारू आपल्या कितीतरी मुलांच्या शेजारच्या घरात आहे, कुणाच्या स्वतःच्याही. नायिका सिंधूचं दुःख त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. गडकऱ्यांची भाषा मात्र अवघड आहे. तिथे शिक्षकानं हात धरावा.

बाजार समितीला आणि जिनिंगच्या मालकांना माझी विनंती आहे, वर्षातून एक दिवस शाळांसाठी दार उघडा. आणि मुख्याध्यापकांनो, तो दिवस सहलीत धरू नका, गणिताच्या तासांत धरा. कापसाची मोठी आवक दिवाळीनंतर सुरू होते. तयारीला तोवर वेळ आहे.